खलनायकासाठी ओळखीचा चेहरा

आपल्या कादंबरीवर सिनेमा निघणार, ही बातमी मापेसाहेबांनी कोणालाही सांगितली नव्हती. फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितली होती, आणि तीही 'एवढ्यात कुठे बोलू नका' अशी तंबी देऊन. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला खाली उतरले, तेव्हा तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ती माहीत होती आणि खलनायकाचं काम कोणी करावं याबद्दल प्रत्येकाचं मतही तयार होतं.

मापेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू खरा आहे का, लिटरच्या मापात लिटर मावतं का, हे तपासायचं त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं होतं की कोणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी घरची बाई त्यांच्या कपात चहा जरा दबकूनच ओतायची. अशा माणसाने कादंबरी लिहावी हेच मुळात लोकांना पटलं नव्हतं. त्यातून ती मानसशास्त्रीय थरारकथा. पहिली आवृत्ती अजून संपायची होती, आणि ती संपायला इतका वेळ लागत होता की त्यांच्या बायकोला माळ्यावर दुसरं काही ठेवायला जागाच उरली नव्हती.

कादंबरीत एक अत्यंत सभ्य गृहस्थ होता. तो बायकोवर कधी हात उगारत नाही की आवाज चढवत नाही. घरातली एखादी वस्तू रोज बोटभर सरकवतो, एवढंच. कप, फुलदाणी, किल्ल्यांचा जुडगा. बायको काही सांगायला लागली की हलक्या आवाजात ते दुरुस्त करतो. मंगळवार नव्हता, बुधवार होता. पिवळी नव्हती, केशरी होती. असं करत करत एक दिवस त्या बाईला आपले डोळे, आपली आठवण, आपलं डोकं, कशाचाच भरवसा वाटेनासा होतो, आणि ती दार ओढून घेऊन निघून जाते. गृहस्थ तिथेच बसून राहतो. आपण काय केलं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पुस्तक परत देताना एकच प्रश्न विचारला होता. "पण मेलं कोण?"

कोणीही मरत नाही, हे सांगून सांगून मापेसाहेबांच्या जिभेला घट्टे पडले होते.

सिनेमा काढणार होता त्यांचा मेहुणा. तो लग्नांचं शूटिंग करायचा. मामा-मावश्यांच्या रांगा टिपून त्याचा जीव विटला होता आणि एकदा तरी खरा सिनेमा करायचा, या ध्यासाने त्याला पछाडलं होतं. पैसे घालायला त्याने फरश्यांच्या शोरूमचे एक शेठ गाठले होते. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्याने शेठच्या आईचा असा काही फोटो काढला होता की म्हातारी त्यात वीस वर्षांनी तरुण दिसत होती. ती कृतज्ञता अजून ताजी होती.

शेठची अट एकच होती. "चेहरा ओळखीचा पाहिजे. अनोळखी माणसाने कप सरकवला तर बघणार कोण? आमची आईसुद्धा उठून जाईल."

झालं. इथून मापेसाहेबांच्या मागे साडेसाती लागली ती लागलीच. जिन्यात, लिफ्टमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी, जो तो त्यांना अडवून नट सुचवू लागला. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, खलनायकाचे दात चांगले नकोत. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, माणूस उंच हवा, बुटक्याची भीती कोणाला वाटते. मापेसाहेब स्वतः बेताच्या उंचीचे असल्यामुळे हे त्यांनी जरा मनाला लावून घेतलं. सेक्रेटरी काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी काळा कोट घालून, हात मागे बांधून ते दोन-तीनदा मापेसाहेबांच्या दारावरून सावकाश गेले.

शेवटी नट सापडला तो शेठच्या आईमुळे. त्या रोज एक मालिका बघायच्या. त्यात अप्पा नावाचे एक प्रेमळ सासरे होते. ते सकाळी नाश्त्याला बसायचे, सगळ्या सुनांकडे मायेने बघायचे आणि घर फुटायला लागलं की दोन शब्दांत जोडून द्यायचे. हे काम करणाऱ्या नटाचं खरं नाव काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. खुद्द त्याची बँकसुद्धा त्याला अप्पा म्हणते, असं मेहुणा म्हणाला.

"देवमाणूस आहे," मापेसाहेब म्हणाले. "तो माझा गृहस्थ कसा होणार?"

"भाऊजी, तीच तर गंमत आहे. त्याच्यावर कोणाला संशयच येणार नाही."

हे मात्र मापेसाहेबांना पटलं. त्यांनी अप्पांची भेट घेतली. आपल्याला विनवण्या कराव्या लागतील अशा तयारीने ते गेले होते, पण अप्पांनी कादंबरी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"साहेब, मी किती वर्षं नाश्ता करतोय," ते म्हणाले. "रस्त्यात लोक मला थांबवतात. सून ऐकत नाही, काय करू? भावाने जागा बळकावली, काय करू? मला काय ठाऊक? माझी स्वतःची सून माझ्याशी बोलत नाही. मला एकदा तरी वाईट होऊ द्या."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मापेसाहेबांना हा माणूस एकदम आवडला.

आता घोडं अडलं ते परवानगीपाशी. शूटिंग मापेसाहेबांच्याच घरात आणि इमारतीच्या जिन्यात करायचं होतं, आणि त्यासाठी ज्या कचेरीत अर्ज करायचा, ती नेमकी मापेसाहेबांच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. म्हणजे काम घरचंच. ते ऐटीत वर गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "थरारपट लिहिलंय. खून किती आहेत?"

"एकही नाही."

"मग थरारपट कसा?"

"मानसिक आहे."

कारकुनाने मापेसाहेबांकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. "खून असता तर पोलिसांचं पत्र लागलं असतं, बाकी सोपं होतं. मानसिक आहे म्हणता, तर आरोग्य खात्याला विचारावं लागेल."

"अहो, मी खालच्या मजल्यावर असतो. निरीक्षक आहे."

"ओळखलं की साहेब. आमच्या मेव्हण्याचा तराजू तुम्हीच जप्त केला होता," कारकून शांतपणे म्हणाला आणि अर्ज ढिगाऱ्याच्या तळाशी सरकवला.

दुसरा कोणी असता तर पाय काढता घेतला असता. मापेसाहेब रोज जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन कारकुनाच्या समोरच्या बाकावर बसू लागले. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं आणि त्याच्या टेबलाकडे बघायचं. टेबलावरचा टेपचा रीळ तिरका आहे असं वाटलं की उठून सरळ करायचा. काही दिवसांनी कारकुनाने आपणहून अर्ज वर काढला, त्यावर सही केली आणि हात जोडून म्हणाला, "आता तुम्ही वर नका येऊ. शिपायाला पाठवा."

मापेसाहेबांना वाटलं, चिकाटीचं फळ मिळालं.

इकडे अप्पांनी एक नवीनच फर्मान काढलं होतं. त्यांना गृहस्थाची भूमिका पुस्तकावरून करायची नव्हती. "मला खरा माणूस दाखवा," ते म्हणाले. "तुम्ही कोणावरून तरी लिहिलं असेलच की."

मापेसाहेबांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आमचे मोठे साहेब."

आणि ते खरं होतं. त्यांचे वरिष्ठ अधिकारी हा एक नमुना होता. मापेसाहेबांनी टेबलावर फाईल ठेवली की ते बोटाने जरा फिरवून ठेवायचे. मापेसाहेब म्हणाले, 'सोमवारी तपासणी झाली', की ते मऊ आवाजात म्हणायचे, 'शनिवारी'. मापेसाहेब घरी येऊन दैनंदिनी बघायचे, तर सोमवारच असायचा. तरी पुढच्या वेळी वार सांगताना त्यांची जीभ अडखळायची. कादंबरीतलं प्रत्येक पान त्या जाचातून आलं होतं.

तेव्हा अप्पांना कचेरीत न्यायचं ठरलं. मापेसाहेबांनी त्यांना 'दूरचे नातेवाईक' म्हणून आत नेलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. योजना अशी की साहेबांना कळूही नये आणि अप्पांनी त्यांची प्रत्येक लकब टिपून घ्यावी. पण मोठ्या साहेबांनी वर पाहिलं मात्र, आणि ते खुर्चीतून उठलेच.

"अप्पा? तुम्ही?"

पुढचा तासभर मापेसाहेबांना आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं जड गेलं. ज्या माणसाने आयुष्यात कधी कोणाला 'बसा' म्हटलं नव्हतं, तो अप्पांचा हात हातात धरून सांगत होता की मुलगी परदेशात आहे, फोन करते पण आईशीच बोलते, बाबा म्हटलं की 'द्या आईकडे' म्हणते. अप्पा सवयीने मान हलवत होते. साहेबांनी डोळे पुसले, चहा मागवला, मापेसाहेबांनाही दिला आणि त्यांची फाईल जशी ठेवली होती तशीच राहू दिली. बाहेर पडताना ते म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे. बोलायचं राहून जातं."

मापेसाहेब रस्त्यावर आले ते चिडूनच. एवढ्या वर्षांचा खलनायक डोळ्यांदेखत विरघळून गेला होता.

"फुकट गेला दिवस," ते म्हणाले.

"छे," अप्पा म्हणाले. "मला मिळाला माणूस. रात्री जेवायला येतो, दाखवतो."

जेवायला मेहुणाही आला. मापेसाहेबांच्या बायकोने चांगला बेत केला होता. ती बडबडी नव्हती, पण अप्पांमुळे त्या दिवशी खुलली होती. वाढता वाढता ती मेहुण्याकडे बोट करून सांगत होती, "मागे आम्ही याच्या मुलाला बघायला इस्पितळात गेलो होतो ना, तेव्हा इतकं कडक ऊन होतं..."

अप्पांनी तिच्यासमोरचा पाण्याचा पेला उचलला नाही, नुसता दोन बोटांनी किंचित आपल्याकडे सरकवला, मान जराशी तिरकी करून तो सरळ झाल्याची खात्री केली, आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, "ढग होते."

"ढग होते का?" ती म्हणाली. हातातला डाव तिने खाली ठेवला. "हो का. असतील. माझ्या नाही लक्षात राहत."

मेहुण्याने घास हातातच धरला होता. अप्पांच्या तोंडून निघालेला आवाज मापेसाहेबांचा होता. मानेचा तो झोक, शब्दाआधी घेतलेला तो लहानसा श्वास, दुरुस्ती करून झाल्यावरचं समाधानाचं पुसट हसू, सगळं त्यांचं होतं. आणि त्यातला कहर असा की त्या दिवशी खरोखरच ढग होते आणि मापेसाहेब तेच सांगायला तोंड उघडत होते.

"हुबेहूब," मेहुणा शेवटी म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला वाटलं बोलायला नको होतं.

मापेसाहेबांनी जेवण पूर्ण केलं. हात धुतले. मग अप्पांना दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "तुम्हाला हे काम जमणार नाही. क्षमा करा."

दुखावलेला माणूस झोपून जातो किंवा भांडतो. मापेसाहेब दुसऱ्या दिवशी नवीन नट शोधायला लागले. ओळखीच्या चेहऱ्याची शेठची अट त्यांनी 'इमारतीत ओळखीचा' अशी वाकवून घेतली आणि मेहुण्याच्या स्टुडिओत चाचण्या लावल्या. स्टुडिओ म्हणजे त्याच्या दुकानामागची खोली. तिच्या भिंतीवर लग्नाच्या फोटोंसाठी धबधबा रंगवलेला होता.

पहिला आला व्यायामशाळेचा मालक. त्याने कप असा सरकवला की तो टेबलावरून खाली गेला. एक वकील आले. त्यांनी गृहस्थाची बाजू इतकी पटवून मांडली की ऐकणाऱ्यांना वाटलं चूक बायकोचीच आहे. पोस्टमास्तर आपल्या उंच भाच्याला घेऊन आले. त्याला संवाद येत नव्हते, पण उंची होती. सेक्रेटरी काळा कोट घालून आले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, डोळे वटारले आणि असं विकट हसले की बाजूच्या झेरॉक्सवाल्याने काय झालं म्हणून दार ठोठावलं. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "जास्त झालं का?"

"थोडं," मेहुणा म्हणाला.

शेठचाही फोन आला. अप्पा नसतील तर ते पैसे घालणार नव्हते. असतील तर घालणार होते, पण शेवट बदलून. "शेवटी त्याला रडू द्या, साहेब. बायकोची माफी मागू द्या, सगळे मिळून जेवायला बसू द्या. आमच्या आईला अप्पांचं वाईट झालेलं सोसायचं नाही."

"शेवट तोच राहील," मापेसाहेब म्हणाले. अप्पा हातचे गेलेले, पैसे जाण्याच्या बेतात, नट एकही नाही, आणि तरी त्यांचा आवाज असा होता की शेठ पलीकडून 'बरं, बघू' म्हणून गेले.

"भाऊजी," मेहुणा हात टेकून म्हणाला, "तुम्हीच करा."

त्यांनी ते केलं. बायकोला समोर बसवलं, तिच्या हातात तिच्या वाट्याचं वाक्य दिलं, मध्ये कप ठेवला. मेहुण्याने दिवा लावला. मापेसाहेबांनी डोळे बारीक केले, ओठ मुडपला, एक खांदा वर उचलला आणि कपाकडे असा हात नेला जणू तो साप आहे.

"भाऊजी, असं नको. रोज करता तसं करा ना."

"रोज काय करतो?"

मेहुणा कॅमेऱ्यामागे वाकून काहीतरी शोधू लागला. मग 'बॅटरी आणतो' असं पुटपुटून तो बाहेर गेला. बॅटरी टेबलावरच होती.

रंगवलेल्या धबधब्यासमोर नवराबायको दोघंच बसली.

"तूसुद्धा हसली नाहीस त्या दिवशी," मापेसाहेब म्हणाले.

"कशाला हसू?"

"म्हणजे तुलाही ते खरं वाटलं."

तिने हातातल्या कागदाची घडी घातली. "तुम्ही पुस्तक दिलंत ना मला पहिल्यांदा वाचायला, तेव्हा मी एका बैठकीत वाचलं. मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, यांना कळलंय सगळं. तोंडाने सांगता येत नाही म्हणून लिहून काढलंय." ती थांबली. "मग तुम्ही संध्याकाळी विचारलंत, साहेब बरोबर उतरलेत का."

मापेसाहेबांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं की पुस्तकाबद्दल संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं होतं. हे वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं. तिथे त्यांनी ते अडवलं, आणि ते अडवायला किती जोर लागतो हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. कपाळावर घाम आला.

"मग बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, तसं नव्हतं, असं होतं."

मापेसाहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मालिकेच्या सेटवर गेले. तिथे अप्पा नाश्त्याला बसले होते. कॅमेरा त्यांच्याभोवती फिरत होता, अप्पा एकेका सुनेकडे मायेने बघत होते, आणि ताटातलं खाणं सकाळपासून तेच होतं. मध्यंतर झाल्यावर ते उठून आले.

"राग गेला का, साहेब?"

"गेला नाही," मापेसाहेब म्हणाले. "पण काम तुम्हीच करा. आणि नीट करा. मला वाईट वाटेल म्हणून हात आखडता घेतलात तर मी चालवून घेणार नाही. वजन पुरेपूर भरलं पाहिजे."

"घरी बोललात?"

"हो."

अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात मालिकेतला नव्हता. जरा जडच होता.

शूटिंग म्हणजे कसोटीच होती. अप्पा आल्याचं कळताच इमारतीतली निम्मी माणसं आपापली गाऱ्हाणी घेऊन जिन्यात येऊन बसली. सेक्रेटरींनी आवाजाच्या नियमावरून हरकत घेतली, ती त्यांना 'शेजारी' म्हणून दरवाजातून डोकावायचं काम दिल्यावर मागे घेतली. त्यांनी कोट घालूनच डोकावलं. एकदा वीज गेली, एकदा वरच्या मजल्यावरचं पाणी झिरपून नेमकं कॅमेऱ्यावर आलं. दातांच्या डॉक्टरीणबाई अप्पांचे दात बघून निराश झाल्या. ते फारच चांगले होते.

बायकोचं काम करायला एक मुलगी आली होती. हुशार होती, पण घाबरायच्या प्रसंगात मोठ्याने श्वास घ्यायची. मापेसाहेबांच्या बायकोने स्वयंपाकघरातून दोनदा ते पाहिलं, मग हात पुसत बाहेर आली. "असं नाही होत," ती तिला म्हणाली. "भीती नाही वाटत. आधी लाज वाटते. आपण एवढ्या साध्या गोष्टी विसरतो याची." मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या वेळी बरोबर केलं. मेहुणा 'कट' म्हणायचंच विसरला.

मापेसाहेब हे सगळं दाराच्या चौकटीत उभं राहून पाहत होते. तिसऱ्या दिवशी शेठ येऊन पुन्हा रडण्याचं नि माफीचं बोलले. मापेसाहेबांनी त्यांना बाल्कनीत नेलं. आत आले तेव्हा शेवट होता तसाच होता. शेठ मात्र एवढंच म्हणत होते की आईला आपण सांगणार नाही, त्यांचं तुम्ही बघा.

सिनेमा दाखवायचं ठरलं ते शेठच्या शोरूमच्या वरच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. फरश्यांचे नमुने भिंतीला टेकवून ठेवले होते, मध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. इमारत झाडून आली होती. परवानगीवाला कारकून मेव्हण्यासह आला होता. मोठे साहेबसुद्धा आले आणि मागच्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत मधोमध शेठच्या आई, मांडीवर फुलांचा भलामोठा गुच्छ. तो कोणासाठी आहे, हे सांगायची गरज नव्हती. अप्पांना बघून त्यांचा चेहरा उजळला होता.

दिवे गेले. पडद्यावर अप्पा नाश्त्याला बसले. हॉलमध्ये आपुलकीचं हसू उमटलं. मग त्यांनी कप सरकवला.

दहा मिनिटांनी हॉलमध्ये खोकल्याचाही आवाज येईना. अप्पा हसत होते, माया करत होते, शाल पांघरत होते, आणि दर खेपेला ते तोंड उघडत तेव्हा बायका पदराचं टोक मुठीत आवळत. पोस्टमास्तरांनी एकदा आपल्या बायकोकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. सेक्रेटरींचं डोकावणं आलं आणि गेलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. मापेसाहेबांना हे सगळं अंधारातही दिसत होतं. पडद्यावरचा माणूस त्यांच्या घरात, त्यांच्या खुर्चीवर, त्यांच्या मानेने वळत होता. उठून जावंसं वाटलं. ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. एकदा बघायचंच ठरवलं होतं, तर अर्ध्यावर उठायचं नाही.

दार ओढल्याचा आवाज झाला. गृहस्थ एकटा बसून राहिला. दिवे लागले.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा एकदम आल्या. पण गंमत अशी की अप्पांजवळ कोणी जाईना. एरवी गराडा घालणारे लोक त्यांच्यापासून हातभर लांबूनच वाट काढत होते. एका बाईने तर आपल्या सुनेला ओढून दुसऱ्या बाजूला घेतलं. अप्पा मध्येच एकटे उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं, जे मालिकेत कधी कोणी पाहिलं नव्हतं.

"आज कोणी काही विचारलं नाही," ते मापेसाहेबांना हळूच म्हणाले. "कोणी म्हणजे कोणीसुद्धा नाही."

मोठे साहेब कोणाशी न बोलता घाईने जिना उतरताना दिसले. खिशातून फोन काढून ते कानाला लावत होते.

शेठच्या आई उठल्या. गुच्छ सांभाळत त्या पुढे आल्या, तसे शेठ त्यांच्या मागे धावले. अप्पांसमोर त्या थांबल्या. त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. मग एक पाऊल मागे सरकल्या, वळल्या आणि गर्दीतून थेट मापेसाहेबांच्या बायकोपाशी गेल्या. गुच्छ त्यांनी तिच्या हातात दिला.

मग म्हातारीने मापेसाहेबांकडे तोंड वळवलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मनाने?"

मापेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. सगळा हॉल ऐकतोय हे त्यांना कळत होतं. पोस्टमास्तर, डॉक्टरीणबाई, कोट घातलेले सेक्रेटरी, सगळे.

"नाही," ते म्हणाले. "घरचंच आहे."

म्हातारीने मान डोलावली, जणू भाव बरोबर सांगितला. "मग आता पुरे करा," ती म्हणाली.

"पुरे," मापेसाहेब म्हणाले.

शेठने गाडी काढतो म्हटलं, पण मापेसाहेबांची बायको चालत निघाली होती. तो एवढा गुच्छ दोन्ही हातांत धरून ती फुटपाथवरून पुढे, आणि मागे मापेसाहेब नि अप्पा. येणारेजाणारे फुलांकडे बघत होते. कोपऱ्यावर ती थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "हवा किती छान आहे नाही? अगदी थंड."

घामाने मापेसाहेबांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.

"आहे," ते म्हणाले, आणि चालू लागले.